चित्रपटनिर्मितीतील भागीदारी आणि आयकर वजावट (भारत)

चार-पाच जणांनी भांडवल एकत्र करून भागीदारी फर्मतर्फे चित्रपट काढला, तर निर्मितीखर्चाची आयकरातील वजावट भारतात फर्मला मिळते, भागीदाराला नाही. एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाही) हेच लागू होते. मित्रमंडळींनी पैसे घालून चित्रपट काढणे मराठीत नवे नाही. ‘पैसे घाला, कर वाचेल’ असे सांगून कोणी भांडवल मागत असेल, तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

पूर्वी स्थिती वेगळी होती. करनिर्धारण वर्ष (आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर कर ठरतो ते वर्ष) १९९२-९३ पर्यंत नोंदणीकृत फर्मचा नफा-तोटा भागीदारांत वाटला जाई आणि वाट्याला आलेला तोटा भागीदार आपल्या इतर उत्पन्नातून वजा करू शके. १९९३-९४ पासून फर्म स्वतंत्र करदाती ठरली. तिच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, अधिभार आणि उपकर वेगळे. त्यानंतर भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(२ए) नुसार करमुक्त असतो. (या नोंदीतील कलमे त्याच कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या, २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात त्यांचे क्रमांक बदलले आहेत.)

फर्मला वजावट कधी मिळते, हे १९६१ च्या कायद्याखालील आयकर नियम ९ए ठरवतो. चित्रपट सेन्सॉर होऊन त्याच आर्थिक वर्षात प्रदर्शनाचे सर्व हक्क विकले गेले, तर संपूर्ण निर्मितीखर्च त्या वर्षी वजा होतो. भाडेपट्ट्याने किंवा मिनिमम गॅरंटीवर (वितरकाने किमान रकमेची हमी देऊन) दिलेले हक्कही विक्रीतच धरतात. निर्मात्याने चित्रपट स्वतः लावला, तर मात्र वर्ष संपण्याच्या किमान ९० दिवस आधी तो प्रदर्शित झालेला असावा लागतो, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपर्यंत. फेब्रुवारीत लागला, तर त्या वर्षी जेवढी वसुली झाली तेवढ्याच खर्चाची वजावट मिळते आणि उरलेला खर्च पुढच्या वर्षी वजा होतो. सेन्सॉर होऊनही ना लागला ना विकला गेला, तर सगळा खर्च पुढच्या वर्षावर जातो. जानेवारी ते मार्चमधली तारीख घेताना म्हणूनच वितरकाइतकाच सीएचाही सल्ला घ्यावा.

प्रिंट काढण्याचा खर्च आणि सेन्सॉरनंतरची जाहिरात या नियमातील निर्मितीखर्चात धरत नाहीत. सरकारी अनुदान उत्पन्नात दाखवले नसेल, तर ते खर्चातून वजा करावे लागते. मराठी चित्रपटांना महाराष्ट्र शासनाचे अनुदान मिळते, त्यामुळे हा मुद्दा इथे नेहमीच येतो. अर्धवट सोडलेला चित्रपट ९ए मध्ये बसत नाही. त्यावरचा खर्च महसुली (म्हणजे भांडवली नव्हे, धंद्याचा चालू खर्च) मानावा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ६ ऑक्टोबर २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले.

खरा चटका तोट्यात बसतो. समजा चौघांनी दोन कोटी घातले आणि एक कोटी चाळीस लाखच परत आले. साठ लाखांचा तोटा फर्मच्या नावावर राहतो. भागीदाराचा पगार, दवाखान्याचे किंवा दुकानाचे उत्पन्न यांतून त्यातला एक रुपयाही वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले, तर फर्म हा तोटा आठ वर्षे पुढे ओढू शकते, पण तो भरून निघायला फर्मला धंद्यात नफा व्हावा लागतो. एका चित्रपटानंतर फर्म गुंडाळली की करापुरता हा तोटा वाया गेला. एखादा भागीदार बाहेर पडला, तर त्याच्या वाट्याचा तोटाही कलम ७८ मुळे पुढे नेता येत नाही.

अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत भागीदारीचा तोटा भागीदारापर्यंत पोहोचत असल्याने तिथे श्रीमंतांनी कर वाचवण्यासाठी चित्रपटांत पैसा घातला. ब्रिटनने १९९७ मध्ये दीड कोटी पौंडांपर्यंतच्या ब्रिटिश चित्रपटांचा संपूर्ण खर्च लगेच वजा करू दिला होता. पुढे ती सवलत बंद झाली. जर्मनीने २००५ मध्येच अशा फंडांची वाट अडवली. तिथली उदाहरणे दाखवून इथे भांडवल गोळा करणे चुकीचे आहे.

भारतीय भागीदाराला स्वतःच्या हिशेबात थोडी जागा उरते ती व्याज आणि मेहनतान्यात. करारपत्रात तरतूद असेल, तर भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आणि काम करणाऱ्या भागीदाराला मर्यादेत मेहनताना देऊन फर्म तो खर्च दाखवू शकते (कलम ४०बी). ही रक्कम भागीदाराच्या हाती करपात्र असते. वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक झाल्यास १ एप्रिल २०२५ पासून त्यावर १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) कापला जातो. कर्ज काढून भांडवल घातले असेल, तर त्या कर्जाचे व्याज फर्मकडून मिळणाऱ्या करपात्र व्याजातून वजा करता येते. करमुक्त नफ्यासाठी झालेला खर्च मात्र कलम १४ए नुसार नाकारला जातो. त्यामुळे भांडवलावर व्याज द्यायचे की नाही, हे करारपत्र लिहितानाच ठरवावे.