सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरच्या फर्मवेअरचं डीबगिंग

रास्पबेरी पाय, बीगलबोन असल्या एकाच बोर्डावरच्या कॉम्प्युटरला पॉवर दिल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम ताबा घेईपर्यंत जो कोड चालतो, त्यातल्या चुका शोधायचं काम.

'फर्मवेअर' हा शब्द बहुतेक जण अ‍ॅशर ओपलर यांच्या १९६७ च्या लेखापर्यंत नेतात, मात्र तिथे तो मायक्रोकोडसाठी (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचासाठी) होता, आजचा अर्थ नंतर रुळला. 'बग' (शब्दशः किडा, म्हणजे यंत्रातली किंवा कोडमधली चूक) या शब्दाचं मूळ १९४७ साली हार्वर्ड मार्क २ या कॉम्प्युटरच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) सापडलेल्या पतंग किड्यात आहे असं सर्रास सांगतात, पण एडिसनच्या १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या बारीक अडचणींना हाच शब्द आहे आणि मार्क २ च्या नोंदवहीतही 'खराखुरा बग सापडल्याची पहिलीच केस' अशा अर्थाची नोंद आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला शब्द आधीपासून माहीत होता, त्यामुळे जुनं मूळच जास्त पटतं.

बूट, म्हणजे कॉम्प्युटरचं सुरू होणं, कुठल्या टप्प्यावर अडकलं हे आधी ठरवावं लागतं. या वेळी स्क्रीन बहुधा काळीच असते, म्हणून सिरियल कन्सोल लावतात, म्हणजे बोर्डाचे संदेश तारांवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचतात: ग्राउंडला ग्राउंड, एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला), स्पीड (बॉड रेट) बहुतेक वेळा सेकंदाला ११५२०० बिट. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सिरियल अ‍ॅडॉप्टर लावला तर चिप जाऊ शकते, हे आधी तपासाच. पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरियल डेटा पाठवणारं-घेणारं सर्किट) ब्लूटूथला दिलेला असतो आणि कन्सोलच्या वाट्याला साधा मिनी यूआर्ट येतो, त्याचा बॉड रेट कोअर क्लॉकवरून (चिपच्या आतल्या घड्याळाच्या गतीवरून) निघतो, क्लॉक बदललं की कन्सोलवर नुसता कचरा येतो आणि माणूस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. कॉन्फिग फाइलमध्ये यूआर्ट एनेबल केला की क्लॉक फिक्स होतं.

सिरियलने भागलं नाही तर जेटॅग, म्हणजे चिपच्या आत डोकावायची खास पिनांची जोडणी. हे मुळात बोर्डावरची जोडणी तपासायला बनलं, १९९० मध्ये आयट्रिपलई ११४९.१ म्हणून स्टँडर्ड झालं. ओपनओसीडी आणि जीडीबी ही डीबगिंगची सॉफ्टवेअर जोडून प्रोसेसर हवा तिथे थांबवता येतो, रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) वाचता येतात. पण पायवर आधी जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) जागा होतो, एआरएम कोअर (मुख्य प्रोसेसर) नंतर, म्हणून त्याआधीची गडबड एआरएमच्या जेटॅगला दिसतच नाही. तिथे हिरवा एलईडी कामी येतो, तो किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं: ४ म्हणजे स्टार्ट फाइल (जीपीयूची फर्मवेअर फाइल) मिळाली नाही, ७ म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळाला नाही. पाय ४ पासून बूटलोडर (बूट सुरू करणारा प्रोग्रॅम) ईईप्रॉममध्ये (बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये) आहे, त्याच्या सेटिंगमध्ये बूट यूआर्ट चालू केला की हा टप्पाही सिरियलवर वाचता येतो.