पितळेवरचा गुलाबी ठिपका

वापरलेला ट्रम्पेट विकणारा माणूस तो हातात देण्याआधी फडक्याने लखलखीत पुसतो. मुलगा खूश, बापही खूश. पण चकाकीवरून वाद्याची तब्येत कळत नाही. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, उडालेला काळपट ट्रम्पेट झकास वाजू शकतो. वारंवार बफिंग केलेल्याचा, म्हणजे घासून चकाकी आणलेल्याचा, पत्रा मात्र झिजून पातळ झालेला असतो.

मी आधी ओठांना लावायचा माउथपीस जिच्यात बसतो ती सरळ नळी बघतो. तिला लीडपाइप म्हणतात. ट्रम्पेटच्या पिवळ्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, म्हणून आपल्याकडे कल्हई लावतात. ट्रम्पेटच्या आत कल्हई नसते. तिथे रोज फुंकेबरोबर लाळ जाते, आणि पोरगं वडापाव खाऊन तसंच वाजवायला बसलं तर तेही थोडं जातं. या ओलाव्यात हळूहळू जस्त निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. बाहेरून तो गुलाबी ठिपक्यासारखा दिसतो. ही झीज आतून बाहेर येते, त्यामुळे ठिपका दिसेपर्यंत नळी बरीच पोखरलेली असते. घासून तो जात नाही. नळी बदलून मिळते, पण तो खर्च धरूनच भाव करा.

मग व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळा. नेहमीच्या, म्हणजे बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरते. मधला व्हॉल्व्ह दाबला की तिच्यात जवळपास 9 सेंटिमीटरची भर पडते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. व्हॉल्व्हमधला खालीवर होणारा दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते, आणि ती तेलाचा थर बुजवतो. झीज झाली की हवा निसटते, सूर पोकळ होतो. (जाड तेल घालून झीज काही दिवस लपवता येते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.) तपासणी सोपी आहे. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली सरकती नळी, थोडी बाहेर ओढा. आतली हवा कोंडलेली असल्याने जागा वाढली की दाब कमी होतो. चार-पाच सेकंद थांबून व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर घट्टपणा शाबूत आहे. काहीच ऐकू आलं नाही, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा सैल स्लाइडचा.

मेरठच्या जली कोठीत, म्हणजे बँडची वाद्यं बनवणाऱ्या वस्तीत बनलेला, वरातींतून निवृत्त झालेला ट्रम्पेट असेल तर पोचे असणारच. सगळ्याच पोच्यांना घाबरू नका. कर्ण्याचं तोंड सुमारे 12 सेंटिमीटर रुंद असतं, तिथे छोट्या पोच्याने फारसं बिघडत नाही. लीडपाइप मात्र आतून जेमतेम सेंटिमीटरभर. तिथे तेवढाच पोचा वाट अरुंद करतो आणि काही सूर ढळतात.

माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. त्यावरचा चांदीचा मुलामा उडाला असेल तर नवाच घ्या. कातकामाच्या पितळेत थोडं शिसं मिसळलेलं असतं आणि ते थेट ओठांना लागतं.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आटोपशीर भाऊबंद, मिळतो का बघा. नळी तेवढीच लांब, पण वेटोळी जास्त. वजन अंगाजवळ राहतं आणि छोटे हात लवकर दमत नाहीत.