अवमूल्यन करतात, घसरण होते

डॉलर चाळीस-पन्नास पैशांनी महागला की दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या मराठी वर्तमानपत्रात मथळा ठरलेला: ‘रुपयाचे अवमूल्यन’. बडोद्यातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी सव्वीस वर्षं काढली. हा शब्द भलत्या जागी दिसला की आजही हातातल्या पेनाने तो खोडावासा वाटतो.

याचा त्रास कसा होतो ते परवाच पाहिलं. माझ्या चुलत वहिनींचा मुलगा अमेरिकेत शिकतो. दांडिया बाजारात आरतीनंतर भेटल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, अवमूल्यन एकदाचं होऊन गेलं ना? मग आता वर्षभर भाव हाच राहील. जानेवारीची फी सावकाश भरली तर चालेल.” त्यांच्या बोलण्यात तर्काची चूक एकही नव्हती. शब्द चुकला होता, आणि त्यातून निघालेला प्रत्येक निष्कर्ष चुकला होता.

घसरण तुम्हाला माहीत आहे. खंडेराव मार्केटात आवक-उठावावर कांद्याचा भाव निघतो, तसा बँकांच्या आपसातल्या बाजारात डॉलरचा निघतो. तेल आणि सोनं मागवणाऱ्यांना, पैसा काढून नेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांना डॉलर जास्त लागले की तो चढतो. आमच्याकडे सकाळी दराचं पत्रक यायचं, टीटी बाइंग, टीटी सेलिंग (बँकेचा डॉलर खरेदीचा आणि विक्रीचा दर) वगैरे रकाने भरलेले. बाजार उसळला की डॉलरचे सौदे जिथे होत त्या डीलिंग रूममधून फोन यायचा, “कार्ड रेट बाजूला ठेवा, दर विचारून द्या.” कार्ड रेट म्हणजे त्या पत्रकातला दर. मग प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा फोन. त्या दिवशी अकराला आलेल्याचा दर एक, दोनला आलेल्याचा दुसरा.

अवमूल्यनाची जात वेगळी. त्यासाठी आधी सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने भाव बांधून दिलेला असावा लागतो, ‘या दराने आम्ही देऊ-घेऊ’ असं वचन. तो बांधलेला भाव निर्णय घेऊन खाली आणणं म्हणजे अवमूल्यन. सप्टेंबर १९४९ पासून डॉलरचा आपला भाव ४.७६ रुपये होता. ६ जून १९६६ रोजी तो ७.५० झाला. पाच, सहा, सात असे मधले भाव आलेच नाहीत. १९९१ मध्ये १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या घरात नेला. तेव्हा मनमोहन सिंग अर्थमंत्री होते आणि एस. व्यंकटरमणन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. दोन्ही वेळा ‘कोणी केलं?’ या प्रश्नाला उत्तर होतं.

१ मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोडला. त्यानंतर रुपयाचं अवमूल्यन एकदाही झालेलं नाही. डॉलर तिशीतून ऐंशीच्या पार गेला ती सगळी घसरण, अधूनमधून चढही. आमच्या बडोद्यातला गुजराती व्यापारी या बाबतीत मराठी मथळ्यांपेक्षा नेमका बोलतो: ‘रुपियो तूट्यो’. तुटला म्हणतो, तोडला म्हणत नाही.

दोन किरकोळ घोळ जाता जाता निपटतो. १९६६ चं अवमूल्यन कोणी ३६.५ टक्के सांगतो, कोणी ५७.५. दोन्ही बरोबर: रुपया ३६.५ टक्क्यांनी स्वस्त झाला, डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. आणि इंग्रजीत दोन्हींना ‘डेप्रिसिएशन’ म्हणतात म्हणून कृपा करून रुपयाला ‘घसारा’ लावू नका. घसारा यंत्राला, मोटारीला आणि ताळेबंदाला लागतो.

आता खरी मेख. एवढं समजावल्यावर शहाणा माणूसही विचारतो, “पण रिझर्व्ह बँक डॉलर विकते ना? म्हणजे भाव तीच ठरवते, आणि विकायची थांबली की तेच अवमूल्यन.” इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

बाजारात उतरून डॉलर विकणं वेगळं आणि भावाचं वचन देणं वेगळं. वचन कसं असतं ते बघायला दुबईला चला, बडोद्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तिथे आहेच. तिथे १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. हे वचन पाळायचं आणि पैशाला येण्याजाण्याची मोकळीकही द्यायची, तर व्याजदर आपल्या मर्जीने ठेवता येत नाही. अमेरिकेत व्याज जास्त आणि दुबईत कमी असलं तर लोक दिरहम देऊन डॉलर मागत सुटतील. म्हणून २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, मार्च ते डिसेंबर सात वेळा व्याजदर वाढवला तेव्हा अमिरातीची मध्यवर्ती बँक पाठोपाठ वाढवत गेली. दुबईत महागाई किती, धंदा कसा चाललाय, हा प्रश्न दुय्यम.

तिथे व्याजदर डॉलरच्या भावाला बांधलेला असतो. आपल्याकडे ती दोरी सोडलेली आहे. त्याच वर्षी फेडने एकूण सव्वाचार टक्के वाढवले, तर आपला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) मे ते डिसेंबर ४ वरून ६.२५ वर गेला, म्हणजे सव्वादोन टक्के. तोही मुख्यतः आपली किरकोळ बाजारातली महागाई सहा टक्क्यांच्या वर गेली होती म्हणून. मधला फरक रुपयाने घसरून सोसला. ती घसरण म्हणजे आपला व्याजदर आपल्या हाती ठेवण्याची किंमत, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

मग रिझर्व्ह बँक डॉलर का विकते? तिचं जाहीर धोरण असं की विशिष्ट भाव राखायचा नाही, फक्त अतिरेकी चढउतार आवरायचे. यालाही किंमत आहे, ती लोकांना दिसत नाही. ८३ रुपयांच्या भावाने एक अब्ज डॉलर विकले, तर बँकांच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून ८,३०० कोटी रुपये निघून जातात. ते रुपये कोणा दुसऱ्याकडे जात नाहीत, चलनातूनच कमी होतात. बँकांकडची रोकड आटली की व्याज चढू लागतं. तसं व्हायला नको असेल तर रिझर्व्ह बँकेला दुसऱ्या हाताने सरकारी रोखे विकत घेऊन ते रुपये परत सोडावे लागतात. ‘विका की डॉलर, साठा कशाला आहे?’ असं टीव्हीवर ओरडणाऱ्यांना हा दुसरा हात दिसत नाही, याची मला मनापासून चीड येते.

डॉलरच्या भावाचा विचार पतधोरणात, म्हणजे व्याजदर ठरवताना, नसतोच, असं मात्र समजू नका. रुपया घसरला की तेल महागतं आणि महागाईत उतरतं. जुलै २०१३ मध्ये तर रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसे देण्याचा दर सव्वाआठवरून सव्वादहा टक्क्यांवर नेला. तरी २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पार गेलाच. पण ६० किंवा ६५ चं वचन कोणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे मोडलंही नाही.

बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांनी पुढे लंडनमध्ये रुपयावरच प्रबंध लिहिला. तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर ठेवा, नुसता विनिमय दर धरून बसून भागणार नाही, हे त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये कायद्यात सहा जणांची पतधोरण समिती आली आणि तिला उद्दिष्ट मिळालं ते महागाईचं: चार टक्के, दोन टक्के इकडेतिकडे. त्या उद्दिष्टात डॉलरचा भाव नाही.

वहिनींना मी हा इतिहास सांगितला नाही. एवढंच म्हटलं, कोणी जाहीर केलेला भाव असता तर तो पुढच्या जाहीर होण्यापर्यंत टिकला असता. हा बाजाराचा भाव आहे, जानेवारीत वर असेल की खाली हे मलाही ठाऊक नाही. तेव्हा फीचे निम्मे डॉलर आत्ता घ्या, निम्मे डिसेंबरात. सोमवारी त्या पॅनकार्ड आणि विद्यापीठाचं फीचं पत्र घेऊन बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलाने दर सांगितला, वर म्हणाला, “काकू, हा आत्ताचा आहे, जेवून आलात तर बदललेला असेल.” त्यांनी तिथेच सही केली.