पगारावरची ओडी: अर्ज, कागदपत्रं आणि त्यातून बाहेर पडण्याची प्रक्रिया

पगार ७ तारखेला, गाडीचा हप्ता ५ ला आणि घरभाडं १ ला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत किंवा ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्या कित्येकांची ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारी बँकेची उधारी) इथूनच सुरू होते. म्हणून अर्ज भरण्याआधी मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याला पगार जमा झाला त्या दिवशीची शिल्लक बघा. खातं त्या दिवशी जमेत येत असेल, तर अडचण फक्त तारखांची आहे. पगार पडूनही आकड्यापुढे ‘डीआर’ (डेबिट, म्हणजे खातं उणे) तसंच राहत असेल, तर ते कायमचं कर्ज झालंय आणि त्यासाठी ओडी हे चुकीचं साधन आहे.

तारखांचीच अडचण असेल, तर हप्ता ज्यांच्याकडे आहे त्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला तारीख बदलण्याचा अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी दोन-तीन ठरलेल्या तारखांतून निवडावी लागते, मधल्या दिवसांचं व्याज वाढतं आणि कधी नॅच मँडेटवर (खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीवर) पुन्हा सही करावी लागते. नवा मँडेट चालू झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्या तारखेला खात्यात पैसे ठेवाच. हप्ता परत गेला की बँक शुल्क आणि कर्ज देणारा दंड लावतो, बँकेच्या शुल्कावर वर १८ टक्के जीएसटी.

ओडी घ्यायचीच असेल, तर आधी घरात मुदत ठेव आहे का ते बघा. ठेवीच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतं आणि पगाराच्या स्लिपा सहसा लागत नाहीत. ठेवीची पावती आणि अर्ज पुरतो. ठेव दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची. लोक ठेवीला हात लावायला बिचकतात आणि १५-१६ टक्क्यांची पगारी ओडी वापरत राहतात. हिशोबाने हे महागातच पडतं.

जनधन खात्यावरची ओडी वेगळी. तिची कमाल मर्यादा १०,००० रुपये, वयोमर्यादा ६५ वर्षं आणि घरटी एकाच खात्याला, शक्यतो घरातल्या बाईच्या. २,००० पर्यंत फारशा अटी नाहीत. त्यापुढे किमान सहा महिने खातं नीट चाललेलं असावं लागतं.

आता पगारावरची. पगार त्याच बँकेत येत असला पाहिजे. निव्वळ पगाराच्या एक ते तीन पट मर्यादा हा सर्वसाधारण प्रघात आहे. नोकरी किमान सहा महिने ते वर्षभराची, क्रेडिट स्कोअर ७०० च्या वर आणि चालू हप्ते पगाराच्या निम्म्याच्या आत, एवढं असेल तर अर्ज सहसा अडत नाही. पगार कंत्राटदारामार्फत येणाऱ्यांना मात्र बऱ्याच बँका नकार देतात, कारण बँकेने मान्य केलेल्या कंपन्यांच्या यादीत मूळ कंपनी असते, कंत्राटदार नसतो. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांनी आधी आपल्या पगारदार पतसंस्थेत चौकशी करावी. सहकार कायद्याच्या कलम ४९ मुळे हप्ता पगारातूनच कापून जातो आणि तारखेचा घोळ होत नाही.

कागदपत्रं: पॅन, आधार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, कंपनीचं ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा. अर्ज अडतो तो दोन गोष्टींवर. पहिली पत्त्याची. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला घणसोलीत भाड्याने, अशा वेळी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार मागतात. ११ महिने उलटून गेलेला करार चालत नाही. नुसत्या नोटरीच्या करारावर वेळ घालवू नका. दुसरं नावाचं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर नाही. किंवा लग्नानंतर एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं. विवाह प्रमाणपत्राची प्रत आधीच जोडा.

मंजुरीनंतर डीपी नोट (मागताक्षणी पैसे फेडण्याचं वचनपत्र) आणि करारावर सह्या होतात. सही करण्याआधी चार आकडे लिहून घ्या: व्याजदर, प्रक्रिया शुल्क, वार्षिक नूतनीकरण शुल्क आणि मर्यादा ओलांडल्यावरचा दंड. व्याज रोजच्या वापरलेल्या रकमेवर लागतं. ४०,००० रुपये १२ दिवस १५ टक्क्यांनी वापरले तर १९७ रुपये. हेच ४०,००० वर्षभर तसेच राहिले तर ६,००० आणि वर शुल्क. व्याज दरमहा खात्यातूनच वळतं होतं, म्हणून ते भरलं नाही तर पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज चढतं.

सगळ्यात मोठी फसगत मोबाइल ॲपमध्ये होते. मर्यादा ६०,००० ची आणि उचललेत ४५,०००, तरी पडद्यावर ‘उपलब्ध शिल्लक १५,०००’ असंच दिसतं. ते तुमचे पैसे नाहीत, उरलेली उधारी आहे. ‘क्लिअर बॅलन्स’ असा वेगळा आकडा असतो, तो उणे आहे का ते बघा.

नोकरी बदलताना विशेष सांभाळा. नवी कंपनी दुसऱ्या बँकेत खातं उघडते, जुन्या खात्यात पगार थांबतो आणि बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते. त्याच बँकेतल्या तुमच्या ठेवीतून ती वळतीही करून घेऊ शकते. सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालं ते व्याजालाही पुरलं नाही, तर मर्यादेच्या आत असूनही खातं थकीत ठरतं. राजीनामा देण्याआधीच शाखेत जाऊन बोला.

ज्यांचं खातं पगाराच्या दिवशीही उणेच राहतं, त्यांनी शाखाधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज द्यावा: ‘ओडी मर्यादा बंद करून बाकी रकमेचं मुदत कर्जात रूपांतर करावं.’ सोबत स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. ६०,००० रुपये १३ टक्क्यांनी २४ महिन्यांत फेडायचे तर हप्ता साधारण २,८५३ येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या मुदत कर्जासोबत सगळा खर्च एकत्र दाखवणारं मुख्य तथ्य पत्रक देणं बँकेला बंधनकारक आहे; ते मागून घ्या. बँक तयार नसेल, तर मर्यादाच दरमहा दोन-तीन हजारांनी कमी करून मागा. जुनी मर्यादा चालू ठेवून वर वैयक्तिक कर्ज मात्र घेऊ नका. मोकळी झालेली ओडी हळूहळू पुन्हा भरते.

बंद करताना बाकी शून्य केल्यावर, त्या दिवसापर्यंतचं व्याजही भरून, मर्यादा रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं शून्य केल्याने मर्यादा संपत नाही, नूतनीकरणाचं शुल्क वर्षाने पुन्हा कापलं जातं. नो ड्यूज पत्र घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट तपासा. क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ओडी अजून चालूच दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने शुल्काबद्दलच्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला फी नाही. फक्त बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच जोडावी लागते.