कापसाच्या वाटेने: गिरणगावातली १७ किलोमीटरची सायकल फेरी
(आमच्याकडून सायकल भाड्याने घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, आता बघण्यासारखं उरलंय काय, असं सायकल घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी विचारतातच. प्रश्न रास्त आहे. लोअर परळला उतरलं की काचेच्या इमारती दिसतात, गिरणी शोधावी लागते. म्हणून गिरण्यांची यादी हातात घेऊन ही फेरी आखायचा नाद आम्ही सोडला. कापूस येऊन पडायचा कुठे, कातला-विणला जायचा कुठे, ते काम करणारे राहायचे कुठे आणि कापड आजही धुतलं जातं कुठे, या क्रमाने वाट धरली. मग मधले तुटलेले दुवे आपोआप जुळत जातात.

फेरीच्या दोन पाकळ्या आहेत. मध्ये लालबागचा भारतमाता सिनेमाचा नाका. पूर्वेची पाकळी काळाचौकी, कॉटन ग्रीन, शिवडी करून परळमार्गे परत येते. पश्चिमेची करी रोड, लोअर परळ, वरळी नाका, महालक्ष्मी, सात रस्ता करत चिंचपोकळीच्या पुलावरून. दमलात तर पहिली पाकळी संपल्यावर सायकल परत करा, कुणी हसणार नाही. न थांबता तासभर सायकल चालवू शकणाऱ्याला दोन्ही जमतात. थांबे धरून तीन-साडेतीन तास लागतात. चढ म्हणाल तर रेल्वेचे पूल तेवढेच.

निघायचं कधी

रविवारी, पहाटे पावणेसहाला. त्याहून उशिरा निघालात तर दुसऱ्या पाकळीत ऊन आणि गाड्या दोन्ही गाठतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर आम्ही या फेरीसाठी सायकल देत नाही. परळचा हिंदमाता परिसर जोराच्या पावसात तुंबतो, हे मुंबईकराला सांगायला नको. पाण्याखालचा खड्डा मात्र मुंबईकरालाही दिसत नाही.

शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी बघायचे असतील तर त्या दिवशीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात.

पूर्वेची पाकळी

भारतमाताहून दत्ताराम लाड मार्गाने काळाचौकीला या. इथल्या इंडिया युनायटेड गिरणी क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर पालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायला घेतलं. तिथली चिमणी बघा, आणि आवारात तलाव आहे हेही लक्षात घ्या. गिरणीत तलाव कशाला, असं मुलं हमखास विचारतात. गिरण्या वाफेवर चालायच्या. बॉयलरला आणि वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला भरपूर पाणी लागायचं, ते साठवायला तलाव. चिमणी उंच बांधायची ती धूर वर जावा म्हणून आणि भट्टीला हवेची ओढ मिळावी म्हणूनही. एखाद्या जुन्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर कुठे दिसलं तर त्याच्या काचा कोणत्या दिशेला आहेत ते बघा. त्या उत्तरेला असतात. उत्तरेचा उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो, सूत तुटलेलं लगेच दिसतं आणि थेट ऊन आत येत नाही.

पुढे कॉटन ग्रीन. स्टेशनचं नाव सगळ्यांना पाठ, अर्थ फार थोड्यांना. ‘ग्रीन’ म्हणजे मैदान. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथल्या मोकळ्या मैदानात एकेकाळी कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. तो बाजार आधी कुलाब्याला हलला आणि विसाव्या शतकात इथे आला. येताना नाव बरोबर घेऊन आला. गोदामं आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत बाहेरूनच बघा.

इथून झकेरिया बंदर रोडने शिवडी. या टप्प्यावर ट्रकचा मान पहिला. डावी बाजू सोडू नका आणि उभ्या ट्रकच्या अगदी लगत जाऊ नका, दार कधी उघडेल सांगता येत नाही. बंदराच्या हद्दीत रस्त्यात गाडलेले जुने रूळ लागले तर ते काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात तर चाक फटीत बसतं आणि हँडल आपलं ऐकत नाही. हे मी स्वतःच्या कोपरावर शिकलोय, तेही नव्याकोऱ्या सायकलवर, दोन गिऱ्हाइकांना रूळ कसे ओलांडायचे ते दाखवताना. शिवडीला हार्बर रेल्वेचे रूळ ओलांडायची जागा पुलांच्या कामांमुळे बदलत असते. निघायच्या सकाळी आम्ही तुमच्या नकाशावर पेनाने खूण करून देतो.

शिवडीला अटल सेतू अगदी जवळ दिसतो. मोह आवरा. त्यावर सायकलला बंदी आहे, पूर्व मुक्त मार्गावरही आहे.

परतताना आचार्य दोंदे मार्गाने परळ. टाटा आणि केईएम हॉस्पिटलांच्या भागात फुटपाथवर गावाहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक बसलेले, झोपलेले असतात. इथे घंटी वाजवू नका, फोटो काढू नका. गर्दी असेल तर उतरून चाला. नंतर आंबेडकर रोडने लालबाग, पण उड्डाणपुलाखालून.

पश्चिमेची पाकळी

करी रोडच्या पुलावरची एकेरी वाहतूक दिवसाच्या वेळेप्रमाणे दिशा बदलते, त्यामुळे पाटी बघूनच चढा. पलीकडे ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुन्या लोकांचा डिलाईल रोड. इथल्या आणि वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कुटुंब राहायचं. गाळ्यात एकटे गडी राहत असतील तर पाळ्या लावून झोपायचे: एक कामावरून आला की दुसरा उठून जायचा. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे. पूर्ण चाळ उभी असलेली बघायची असेल तर ही फेरी लांबणीवर टाकू नका.

माझे वडील गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या कामाला होते. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी आले की त्यांच्या कानामागे कापसाचं पुंजकं असायचं, आई ते काढून टाकायची आणि मग चहा द्यायची. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो विरत गेला. वडिलांनी नंतर रखवालदारी केली, त्यांच्याच गिरणीच्या फाटकावर, आत मशिनं भंगारात निघत असताना. गिऱ्हाइकं विचारतात म्हणून सांगतो, एरवी सांगत नाही.

लोअर परळचा पूल २०१८ ते २०२३ बंद होता, आता नवा आहे आणि चढ जाणवतो. खालचा गिअर पुलाच्या पायथ्याशीच टाका, मध्यावर टाकलात तर चेन उतरते. पूल उतरून सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे. चिमणीला रंग आहे, दिवे आहेत, फक्त धूर नाही. आवारात सायकल नेऊ देत नाहीत, वाद घालू नका. गणपतराव कदम मार्गाने श्रीराम मिलवरून वरळी नाक्याला गेलात की एक गंमत कळेल: रिक्षा नसलेल्या या भागात टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायला अजून गिरण्यांचीच नावं लागतात.

नाक्याहून डॉ. ई. मोझेस रोड, तिथून महालक्ष्मीचा पूल. फुटपाथवर सायकल चढवून धोबीघाट बघा. दगडी कुंड्या, मध्ये पाणी, वर दोऱ्यांवर चादरी आणि हॉस्पिटलचे हिरवे कपडे. कापसाची वाट आमच्या मते इथे संपते. मुंबईतली पहिली कापडगिरणी मात्र आपल्या वाटेत येत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेली ती गिरणी जवळच ताडदेवला होती, १८५६ मध्ये सुरू झाली. ज्यांना मूळ गाठायचंच असतं ते पुलावरून तिकडे वळतात. बाकीच्यांनी सात रस्ता, साने गुरुजी मार्ग आणि चिंचपोकळीचा पूल धरावा. लालबागला चिवडा गल्लीत थांबल्याशिवाय फेरी पूर्ण झाली असं आम्ही धरत नाही.

सायकलबद्दल

या फेरीला आम्ही हायब्रिड देतो. रेसिंगचं बारीक टायर इथल्या पेव्हर ब्लॉकवर आणि लोखंडी प्लेटांवर टिकत नाही, आणि जाड टायरची माउंटन सायकल पुलांवर उगाच दमवते. हवा आम्ही भरून देतो, स्वतः वाढवू नका. सीट अशी लावून घ्या की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. यात कंटाळा केलात तर वरळी नाक्यावर गुडघा आठवण करून देईल. हेल्मेट भाड्यातच आहे. जोडीला पंक्चर पाकीट, एक ट्यूब आणि छोटा पंप मिळतो. वापरता येत नसेल तर निघण्याआधी विचारा, पाच मिनिटांत दाखवतो. दोन बाटल्या पाणी घ्या.

परत आणताना सायकल नुसती भिंतीला टेकवून जाऊ नका. कुठे कुरकुरलं, कुठे ब्रेक उशिरा लागला, ते सांगून जा. पुढचा माणूस तीच घेऊन निघणार असतो.