खुलासा : नगरपालिका रिपनच्या आधीच्या

‘लॉर्ड रिपनने १८८२ साली नगरपालिका सुरू केल्या’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या गाईडांनी इतकं घोटून घेतलंय की कुणाला शंकाही येत नाही. पण मग सांगली जिल्ह्यातली उरुण-इस्लामपूरची नगरपालिका १८५३ची कशी? व्हाइसरॉय रिपन तेव्हा भारतात आलेलाही नव्हता!

उत्तर १८५०च्या २६व्या कायद्यात आहे. गावच्या रहिवाशांनी अर्ज करायचा, सरकारला पटलं तर तिथे कायदा लागू होऊन नगरपालिका सुरू व्हायची. सक्ती नव्हती. रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई हे काम आणि खर्चासाठी कर, त्यात जकातही. मुंबई इलाख्यात लहान लहान गावांनीही हा कायदा स्वीकारला. कारभार मात्र सरकारनेच नेमलेल्या मंडळींचा. मतदान वगैरे काही नाही. पुढे १८७३च्या कायद्याने दहा हजारांवर वस्ती असेल तर ‘सिटी’ आणि किमान दोन हजार असेल तर ‘टाउन’ अशी वर्गवारी केली.

रिपनचं श्रेय वेगळं, आणि ते मोठंच आहे. १८ मे १८८२च्या ठरावात त्याने बिनसरकारी सभासदांचं बहुमत आणि शक्य तिथे निवडणूक यांचा आग्रह धरला. त्यावरून मुंबई इलाख्यात १८८४चा कायदा झाला. म्हणजे घर आधीच उभं होतं, रिपनने त्यात घरमालकांना थोडी जागा दिली.