दहाच्या आत भरतवाक्य

सांगलीत उघड्यावर संगीत नाटक असलं की घरात पहिला प्रश्न वेळेचा निघतो. साडेसहाची नांदी म्हणजे पाचलाच आवरायचं: सतरंजी, आजीची शाल, भडंगाचा पुडा, पोरांसाठी कानटोप्या. जुन्या पिढीला ही वेळ पटत नाही. त्यांच्या आठवणीत नाटक जेवणं उरकून बघायचं असतं. ही वेळ एवढी अलीकडे कशी सरकली, त्याची ही पार्श्वभूमी.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा खेळ केला आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून मानतात, हे इथं नव्यानं सांगायला नको. तो खेळ संस्थानिकांच्या आश्रयाखाली, दरबारी मंडळींपुढं झाला, एवढं मात्र लक्षात ठेवावं. १८५१ मध्ये आश्रयदाते संस्थानिक वारले, भाव्यांची नाटकमंडळी पोटासाठी बाहेर पडली आणि १८५३ मध्ये मुंबईला पोचली. पैसे मोजून, बायकापोरांसह नाटकाला जाणारा प्रेक्षक त्यानंतर हळूहळू घडला.

रात्र जागवली ती संगीत नाटकानं. 'सौभद्र'चे पाच अंक, शंभरावर पदं, शिवाय प्रत्येक रंगलेल्या पदाला वन्समोअर. उजाडेपर्यंत खेळ चालला तरी कुणी तक्रार करत नसे. तेव्हा ध्वनिवर्धकही नव्हते. १९०५ मध्ये मिरजेत बालगंधर्वांच्या रूपानं जी नवी शकुंतला रंगमंचावर आली, ती निव्वळ गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

पुढं माइक आला, आणि वेळेच्या वादाचं मूळ तिथंच आहे. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केले. सूट मिळाली ती बंदिस्त जागेला: प्रेक्षागृह, सभागृह, समाजमंदिर वगैरे. २००२ मध्ये राज्यांना सवलत मिळाली. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देता येते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा उचलून धरली.

सगळा गुंता 'बंदिस्त' या एका शब्दात आहे. तेच नाटक, तीच मंडळी, तोच ऑर्गन, पण डोक्यावर छप्पर असेल तर साडेअकरापर्यंत खुशाल चालू द्या. छप्पर नसेल तर दहाच्या आत भरतवाक्य, म्हणजे नाटकाचं शेवटचं पद, आणि पडदा. चारी बाजूंनी कनात लावली की जागा बंदिस्त झाली, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो ओढूनताणून आहे. नियमाचा रोख आवाज भिंतीआड राहण्यावर आहे, आणि कापडाआड आवाज राहत नाही, हे शेजारच्या गल्लीला विचारावं. मग माइकच काढून टाकला तर? ही पळवाटही फार दिवस उरली नाही. २०१० च्या दुरुस्तीत ध्वनिवर्धकांबरोबर वाद्यंही आली. म्हणजे तबला-पेटीवरच्या जुन्या पद्धतीच्या खेळालाही दहाचीच वेळ.

उरले ते पंधरा दिवस. गणेशोत्सव आणि नवरात्र त्यातले बहुतेक खाऊन टाकतात. संगीत नाटकाचा उघड्यावरचा मोसम मात्र पाऊस संपल्यावर, कार्तिकापासून पुढं. तेव्हा बारापर्यंतचा दिवस हाताशी असेलच असं नाही. रुग्णाला, परीक्षेच्या पोराला झोप हवी, हे कबूलच. तरी मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरला आणि 'शारदा' नाटकातल्या एका पदाला एकाच तागडीत तोलणं मला अजून पटलेलं नाही.

दहाच्या आत बसवायचं म्हणून कात्री चालली. आधी वन्समोअर गेले, मग पदांची दुसरी-तिसरी कडवी, मग विनोदी प्रवेश. पाच अंकांचे दोन भाग झाले. मध्यंतर दहा मिनिटांचं, त्यामुळं डबा उघडून पंगत बसण्याची सोय राहिली नाही. पण लहान पोरं आता शेवटपर्यंत जागी असतात, एवढा फायदा खरा. पूर्वी ती दुसऱ्या अंकातच आईच्या मांडीवर झोपलेली असत.

'सौभद्र'मध्ये कृष्ण रुक्मिणीला उषःकाल दाखवतो, ते पद मात्र कुणी कापत नाही. आता ते येतं तेव्हा घड्याळात जेमतेम साडेआठ वाजलेले असतात, मैदानाबाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असतात आणि भडंगाचा पुडा अजून अर्धा शिल्लक असतो.